थोरल्या काकूंचे लाल लुगडे

तुमच्या धाकट्या भावासाठी मी रंगूनला गाठोडे धाडले ते पोचल्याचे तुमच्या आईने कळवले. हेही कळवले की ते सोडून पाहताच तुमच्या बाबांनी विचारले, या चिंध्या समुद्रापलीकडे कशाला पाठवल्या, इथे दुकाने नाहीत का. दुकाने आहेत हे मला ठाऊक आहे. त्या दुकानांतून तुमच्या आईने नवे कोरे, पांढरे, चौकोनी विलायती रुमाल आणले आहेत आणि ते बाळाच्या कमरेला टाचणीने अडकवतात, हेही ठाऊक आहे. टाचणी आणि तान्हे मूल एकाच जागी ठेवण्याची कल्पना ज्या देशात निघाली तो देश आपल्यावर राज्य करतो, तेव्हा मी त्याविषयी काही बोलत नाही.

पण चिंध्या हा शब्द मला लागला. ती बाळोती आहेत. ज्या गृहस्थांनी तो शब्द वापरला त्यांचे पहिले वर्ष बाळोत्यांतच गेले आहे, आणि एका बाळोत्यापायी त्यांच्या उघड्या ढुंगणापुढे आमचे अख्खे घर हात जोडून उभे होते. आज कचेरीत त्यांच्यापुढे कोणी इतक्या भक्तीने उभे राहत असेल असे वाटत नाही. ही गोष्ट त्यांच्या आजीने त्यांना वेगळी सांगितलेली आहे. तुम्ही ती घडली तशी ऐका.

बाळोते म्हणजे जुन्या लुगड्याचा फाडलेला तुकडा. त्याला शिवण नसते, काठही नसतो. काठ आधीच फाडून काढायचा, तो बोचतो. त्यात काही शास्त्र असेल असे पुरुषांना वाटत नाही. शास्त्र एवढेच की कापड वर्षानुवर्षे नेसून, धुऊन, उन्हात वाळून साईसारखे मऊ झालेले हवे. कोरे कापड पाणी पीत नाही. सगळे ओघळून आईच्या मांडीवर येते. हे समजायला इंग्रजी यावे लागत नाही. मला ते येत होते, तरी समजले.

माझे वडील ठाण्याच्या सरकारी शाळेत मास्तर होते. त्यांना मुलगा नव्हता, आम्ही मुलीच; तेव्हा घरात आणलेली इंग्रजी पुस्तके वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी ती मला शिकवली. त्या पुस्तकांत मुले पुष्कळ असत. ती सकाळी उठत, प्रार्थना करत, मांजराला दूध पाजत. पण एकाही धड्यातले मूल ओले झालेले मला आठवत नाही. इंग्रजांची मुले पाच वर्षांची होऊनच जन्माला येतात, अशी माझी कित्येक दिवस समजूत होती.

तुमच्या बाबांचा जन्म ठाण्याला माझ्या माहेरी झाला. माझ्या आईने आपली जुनी लुगडी आधीच फाडून, धुऊन, घडी घालून ठेवली होती. बाळोती धुण्याची तिची रीत ठरलेली होती आणि मीही ती पुढे कधी मोडली नाही. मळलेले बाळोते सुकू द्यायचे नाही, लगेच साध्या पाण्यात खळबळायचे. मग रिठ्याच्या पाण्यात भिजत घालायचे. दगडावर आपटायचे नाही, त्याने जुने कापड जीव सोडते. हाताने चोळायचे आणि पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचे. वाळवायचे कडक उन्हात आणि तिन्हीसांजेच्या आत घरात घ्यायचे. ऊन नसेल तर शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर पसरायचे आणि निखाऱ्यावर चिमूटभर ओवा टाकायचा. माहेरी होते तोवर बाळाच्या अंगावर एक पुळीही आली नाही.

मग चैत्रात बाळाला घेऊन मी सासरी कल्याणला आले. आईने बाळोत्यांचे गाठोडे बरोबर दिले होते. सासूबाईंनी ते दारातच ओळखले, बोटाने दाबून पाहिले आणि माळ्यावर टाकायला सांगितले. कारण मला कोणी सांगितले नाही. मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने ते शेजारणीला मात्र सांगितले गेले. जिला नुसत्या मुलीच झाल्या तिचे लुगडे नातवाच्या अंगाला लावायचे नसते. माझ्या आईला नुसत्या मुलीच झाल्या होत्या हे खरे. त्यांपैकी एकीला मुलगा झाला होता आणि तो तिथेच पाळण्यात पाय झाडत होता, हेही खरे; पण ते कोणी लक्षात घेतले नाही.

मग बाळाला लावायचे काय? तर थोरल्या काकूंचे लुगडे.

थोरल्या काकू म्हणजे मामंजींची, तुमच्या पणजोबांची चुलती. तळ्यापलीकडच्या आळीत त्या राहत. वय ऐंशीच्या घरात, नवरा जिवंत, मुलगे पुष्कळ आणि सगळे जगलेले. एवढे सौभाग्य एका बाईपाशी साठल्यावर त्याचा गावाला उपयोग व्हायलाच हवा. कल्याणात मूल जन्मले की काकूंच्या नेसूच्या लुगड्याचा तुकडा बाळोत्याला लागे. पुढे भिवंडीहून, ठाण्याहून मागणी येऊ लागली. डोंबिवलीहूनसुद्धा येई. डोंबिवली म्हणजे तेव्हा भातखाचरे आणि थोडी कौलारू घरे, पण मुले तिथेही होत.

फुकट मागणे बरे दिसत नाही, म्हणून प्रत्येक घर जुन्या लुगड्याच्या बदल्यात काकूंना एक नवे धाडी. आता एक म्हातारी बाई वर्षाला लुगडी झिजवणार किती? मुले त्याच्या कितीतरी पट होत. तेव्हा काकूंच्या सुनांनी मार्ग काढला. एका घरून आलेले नवे लुगडे काकू जेवणापुरते नेसत, आचवून आल्या की फेडत, आणि दुसऱ्या दिवशी ते ‘काकूंचे नेसूचे’ म्हणून दुसऱ्या घरी जाई. त्यात खोटे काही नव्हते. काकू ते नेसल्याच होत्या. साऱ्या गावाला हे ठाऊक होते आणि उघड कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या सासूबाईंनी हिरवे धाडले, त्याबद्दल लाल आले.

ते लाल लुगडे मी हातात घेतले तेव्हा त्याच्या घड्या ताठ होत्या आणि खळीचा वास येत होता. फाडताना ते असे कडाडले की पाळण्यातले मूल दचकले. सासूबाई म्हणाल्या, पूर्वीचे कापड मजबूतच असायचे.

कल्याणचा चैत्र तुम्ही पाहिलेला नाही. खाडीवरून वारा येतो तोही उकडलेला. बाळाला घामोळे आले होते. सकाळी मी त्याला लाल बाळोते गुंडाळले आणि दुपारी सोडले, तर मूल कमरेपासून गुडघ्यापर्यंत लालभडक, आणि त्या लालीत घामोळ्याचा दाणा न् दाणा उठून दिसत होता. लुगडे कुसुंबी रंगाचे होते. कुसुंबा साध्या पाण्यानेही जातो. मुताने तर तो धावतच सुटतो. म्हणून कुसुंबी कपडे नेहमी वेगळे धुतात. हे मला ठाऊक होते, सासूबाईंना माझ्याआधी कितीतरी वर्षे ठाऊक होते. मी त्यांना हाक मारली ती बाळोती बदलून मागायला.

त्या आल्या, वाकून पाहिले आणि एकदम मागे सरून त्यांनी हात जोडले. गावात त्या दिवसांत देवीची साथ होती. तुमच्याकडे त्या रोगाला काय म्हणतात ते तुमच्या बाबांना विचारा. इकडे त्याला रोग म्हणायचे नसते. देवी घरी पाहुणी येते आणि मनात येईल तेव्हा जाते. जाताना पुष्कळदा मूलही घेऊन जाते.

“सासूबाई, हा लुगड्याचा रंग आहे,” मी म्हटले.

“कुठल्या लुगड्याचा?”

“थोरल्या काकूंच्या.”

“काकूंच्या जुन्या लुगड्याला जायला रंग उरलाय कुठं? का ते जुनंच नाही असं म्हणायचंय तुला?”

मला नेमके तेच म्हणायचे होते. पण त्या घरात ते म्हणणे म्हणजे काकूंना खोटे पाडणे, आणि काकूंना खोटे पाडणे म्हणजे कल्याणातल्या निम्म्या मुलांच्या आयुष्याची दोरी कापणे. मी माझे बोट ओले करून बाळाच्या मांडीवर फिरवले आणि लाल झालेले दाखवले. सासूबाईंनी माझा हात बाजूला केला. देवीच्या अंगाला बोटे लावू नयेत, असे बजावले. ताप नाही, मूल हसते आहे, दूध पिते आहे, हे मी सांगितले. त्यावर कळले की देवी सौम्य आहे. इंग्रजी वाचणाऱ्यांना देवी दिसत नाही, पण देवीला ते दिसतात, असेही त्या जाता जाता म्हणाल्या.

देवी आली म्हणजे घराचे नियम बदलतात. फोडणी द्यायची नाही. दाराला कडुलिंबाचे डहाळे. मुलाला अंघोळ नाही. आणि घरात धुणे धुवायचे नाही. चोळले, आपटले, पिळले की ते देवीच्या अंगावर उठते. म्हणजे ज्या मुलाला घटकेघटकेला कोरडे करावे लागते त्याची बाळोती धुणे बंद. ओली बाळोती मोरीच्या कोपऱ्यात एका पाटीत साठू लागली. टाकूनही द्यायची नाहीत, देवीची ती. माळ्यावर माझ्या आईचे धुतलेले गाठोडे आयते होते. ते मी मागितले. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. घरात देवी, आणि तिला मुलींच्या आईचे लुगडे नेसवायचे?

म्हणून लाल लुगड्याचेच तुकडे, एकामागून एक. प्रत्येक तुकड्याने बाळ अधिक लाल होई आणि सासूबाई शेजारणीला सांगत की देवी भरते आहे. शेजारणी लांबून, उंबऱ्याबाहेरून दर्शन घेत. सासूबाई बाळोते सोडून दाखवत आणि बायका पदर पसरून नमस्कार करत. एकीने सुपारी ठेवली. तुमच्या बाबांनी तिच्या समोरच धार सोडली, तोही कौल समजला गेला.

दुसऱ्या दिवसापर्यंत मला मनातून हसू येत होते. मग ते थांबले. लुगडे संपत आले तसे सासूबाईंनी ओले झालेलेच तुकडे न धुता वाळवून पुन्हा लावायला सांगितले. वाळले की ते पत्र्यासारखे होत. त्या रंगाखाली आता खरोखरच कातडे सोलवटू लागले. जांघेत हात लावला की मूल किंचाळे, दूध पिता पिता तोंड फिरवी. त्या उकाड्यात ते चिघळले असते तर घरी न आलेल्याच देवीपायी मी मूल गमावून बसले असते, आणि सगळ्यांनी देवीलाच दोष दिला असता. तुमचे आजोबा तेव्हा मुंबईत शिकायला होते. त्यांना कळवून काय होणार होते? त्यांनी उलट मला एखादे इंग्रजी पुस्तक धाडले असते.

घरात राहिले मामंजी. ते मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते आणि दिवसभर दुसऱ्यांचे तंटे निकालात काढत. घरातल्या बाबतीत मात्र त्यांना मत असे काही नसे. तिसऱ्या दिवशी सकाळी मूल फार रडत होते म्हणून त्यांनी ते सहज मांडीवर घेतले. मुलाने आपले काम केले. मामंजींनी त्याला माझ्याकडे दिले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या धोतरावर समोरच लाल डाग पडलेला होता आणि मांडीही लाल झाली होती. सासूबाईंनी पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. यांनाही आली, म्हणाल्या.

मामंजींच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे वण होते. ती एकदा आलेल्या माणसाला पुन्हा येत नाही, हे कल्याणात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते उठले आणि विहिरीवर गेले. धुणे बंद होते ते बायकांचे. पुरुषांच्या स्नानाला देवीची हरकत नव्हती. ती स्वतः बाईमाणूस असून हा फरक जाणत असे. मी मागच्या दारात मुलाला घेऊन उभी होते. मामंजींनी कमरेवर एक घागर ओतली. पायाशी तांबडे पाणी वाहिले. ते त्या पाण्याकडे पाहत राहिले, मग मांडीकडे. ती स्वच्छ होती. मग त्यांनी मान वर केली आणि मी त्यांना दिसले.

सासऱ्याने सुनेशी बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. ते खाकरले. घरात येऊन त्यांनी सासूबाईंना एवढेच सांगितले की थोरल्या काकूंना बोलावून आणा, त्यांच्या हाताला गुण आहे. आणि कचेरीत निघून गेले. खरे तेच, पण स्वतःच्या तोंडून न सांगता घडवून आणायचे, याला कचेरीत काय म्हणत असतील ते असो.

काकू दुपारी आल्या. अंगाने वाळलेल्या, पाठीत वाकलेल्या, पण नजर अशी की समोरची बाई पदर सारखा करी. त्या पाळण्याशी बसल्या. बाळोते सोडायला लावले. बोट तोंडात ओले केले, बाळाच्या पोटरीवर घासले, बोटाकडे पाहिले. मग कोपऱ्यातल्या पाटीकडे पाहिले. मग सासूबाईंना म्हणाल्या की ओटीचे तांदूळ, नारळ, हळदकुंकू घेऊन ये, आणि नारळ शेंडीचाच हवा. तो घरात नव्हता. सासूबाई शेजारी गेल्या.

“कळलं होतं ना तुला?” काकूंनी विचारले.

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले. तुमचं लुगडं जुनं आहे असं सांगितलं मला.”

काकू हसल्या. तोंडात दात नव्हता, त्यामुळे ते हसू जास्तच मोठे दिसले. “जुनं! अगं, वरणभात जेवायला असा किती वेळ लागतो? तेवढ्यात काय जुनं होणार ते.” मग त्यांनी बाळाची जांघ पाहिली आणि हसू गेले. “हे मात्र सोलपटलंय. तुझ्या माहेरची बाळोती होती ना?”

“माळ्यावर आहेत. माझ्या आईला मुलीच आहेत म्हणून.”

काकूंनी मान वर करून माळ्याकडे पाहिले. सासूबाई नारळ घेऊन आल्या तेव्हा काकू डोळे मिटून डुलत होत्या. त्यांना असे डुलताना कोणी कधी पाहिलेले नव्हते. सासूबाईंच्या हातून तांदूळ सांडले. काकूंनी डोळे न उघडता सांगितले की बाई प्रसन्न आहे, आल्या पावली निघाली आहे. लाल लुगडे बाईला आवडले, उरलेसुरले सगळे तुकडे तिचे, ते खाडीत सोडा. मुलाला कोमट पाण्याने अंघोळ घाला, मांड्यांना खोबरेल लावा. धुणे आजपासून मोकळे. आणि मुलाला यापुढे आजोळचे पांढरे, मऊ कापड लागेल.

“आजोळचं?” सासूबाई म्हणाल्या. “पण काकू, तिच्या आईला तर—”

“बाईनं मागितलंय. बाईला तरी कुठं गं मुलगे आहेत?”

एवढे झाल्यावर माळ्यावरचे गाठोडे खाली यायला फार वेळ लागला नाही. मी मोरीत बाळाला पायांवर घेतले आणि तांब्या ओतला. पाणी लाल होऊन मोरीतून बाहेर चालले, आणि सासूबाई त्या पाण्याला हात जोडून म्हणाल्या, बाई, सुखरूप जा. मी मान खाली घालून पाणी ओतत राहिले. मूल आधी रडले, मग तेलाचा हात लागला तसे निवले, आणि माझ्या आईच्या लुगड्यात गुंडाळले तेव्हा झोपलेच. मी ती पाटी विहिरीवर नेली. कोपऱ्यात साठलेले सगळे लाल तुकडे खाडीत सोडायचे होते, पण त्यांच्या खाली मी बाळाला चोरून लावलेले माझ्या जुन्या लुगड्याचे दोन-तीन तुकडे होते, ते धुतले. रिठ्याचा फेस इतका छान त्याआधी कधी वाटला नव्हता.

काकूंची कीर्ती दुप्पट झाली. आता त्या देवीही घालवतात असे लोक म्हणू लागले. खऱ्या देवीच्या घरांतून बोलावणी येत, तेव्हा मात्र त्यांचे गुडघे दुखत. लुगडी पूर्वीसारखीच जात राहिली. फरक एवढाच की ती आता आधी दोनदा पाण्यातून काढलेली असत आणि त्यांत लाल रंगाचे एकही नसे. कल्याणात त्या काळी एवढी सुधारणा झाली तरी पुष्कळ होते.

माझी खरी काळजी त्यानंतर सुरू झाली. ज्याला देवी येऊन गेली त्याला टोचायचे कशाला, असे सासूबाई म्हणणार, आणि तुमच्या बाबांना तर देवी आलेलीच नव्हती. थंडीत सरकारी टोचणारा आळीत आला. सासूबाईंनी दार लावून घेतले. मी मामंजींच्या वाटेत मुलाला घेऊन उभी राहिले, काही न बोलता. ते खाकरले. मुलाला खांद्यावर टाकून, देवळात जाऊन येतो म्हणाले आणि निघाले. परत आले तेव्हा त्याच्या डाव्या दंडावर टोचल्याच्या खुणा होत्या. सासूबाईंनी विचारले तर त्यांनी सांगितले की खांबाला लागले.

दंड सुजला, खपली धरली, पडली, वण राहिला. खांबाला लागून असा वण पडत नाही हे सासूबाईंना कळत होते. पण त्यांनी त्याचाही उलगडा केला आणि तो तुमच्या बाबांना लहानपणी रोज निजताना ऐकवला: बाई जाताना दंडाला धरून गेली, तिच्या बोटांची ही खूण. तुमचे बाबा पुढे बी.ए. झाले. त्यांना बाही वर करायला सांगा आणि विचारा, ही खूण कसली. काय सांगतात ते मला कळवा.